‘खेळातून शिका’वाली महिन्याची पेटी, सहा महिन्यांनंतर: सामान झकास, पण कार्डांनी मला मास्तर करून टाकलं

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. अशा पेट्या आता बरेच जण काढतात आणि साचा सगळ्यांचा साधारण एकच असतो, आणि माझी तक्रार एका कंपनीपेक्षा त्यामागच्या कल्पनेबद्दल जास्त आहे. कल्पना अशी की पोरं दिवसभर खेळत असतातच, मग त्याच खेळात आईबाबांनी शिकवायच्या संधी हेरायच्या, म्हणजे खेळ पण झाला आणि अभ्यास पण. ऐकायला इतकं गोड वाटतं की मी सहा महिन्यांचे पैसे एकदम भरून मोकळा झालो.

घरात दोघं आहेत, थोरली साडेपाचची आणि धाकटा अडीचचा. पेटी थोरलीसाठी मागवली होती पण धाकटा असताना घरात कुठलीच वस्तू एकाची नसते, त्यामुळे रिव्ह्यू दोघांकडून आहे असं समजा.

दर महिन्याच्या पेटीत साधारण तीन-चार गोष्टी येतात. आम्हाला आलेल्यात लाकडी ठोकळे, एकात एक बसणारे कप, दोन पारड्यांचा तराजू, आकड्यांच्या घरांचा एक पट, चुंबकाच्या टाईल्स, एक छोटी टॉर्च आणि सावल्यांसाठी पुठ्ठ्याचे प्राणी, असं बरंच काही होतं. त्यासोबत पालकांसाठी कार्डांचा गठ्ठा, प्रत्येक कार्डावर ‘मूल हे करत असताना तुम्ही हे विचारा’ अशा सूचना. आणि एक ॲप, ज्यात तुम्ही ‘शिकण्याचे क्षण’ नोंदवायचे. सामान, कार्डं आणि ॲप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघांना माझे मार्क पण वेगवेगळे आहेत.

सामानाबद्दल तक्रार जवळजवळ नाही. ठोकळ्यांच्या कडा गोल केलेल्या, रंग चाटून जात नाही (धाकट्याने मनापासून चाचणी केलीये), कप अजून एकही फुटला नाही. सुरक्षेचं पण बरं सांभाळलंय. टॉर्चमध्ये बटण सेल आहे पण झाकणाला स्क्रू आहे, स्क्रूड्रायव्हरशिवाय उघडत नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितोय कारण बटण सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते, त्यामुळे स्क्रू नसलेलं खेळणं घरात आणूच नका, कितीही गोड दिसलं तरी. चुंबकाच्या टाईल्सचं तसंच, एकापेक्षा जास्त चुंबक पोटात गेले तर आतडीच्या घड्यांमधून एकमेकांना ओढतात, म्हणून टाईलला तडा गेला की सरळ फेकायची. पेटीवर ३ वर्षांच्या वर असं लिहिलंय आणि ते शोभेला नसतं. बारीक तुकडे मोजायला एक ठराविक मापाची नळी वापरतात, ३१.७ मिलिमीटर व्यासाची, तिच्यात जे पूर्ण मावतं ते ३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही. पटाच्या सोंगट्या बघूनच कळत होतं की त्या त्या नळीत आरामात जातील, म्हणून आमच्याकडे त्या वरच्या कप्प्यात, आणि धाकटा झोपला की पट निघतो.

आता कार्डं.

पहिल्या आठवड्यात मी फार उत्साहात होतो. थोरली जमिनीवर बसून ठोकळ्यांचा दवाखाना बांधत होती, एका लंगड्या घोड्यासाठी. मी शेजारी कार्ड घेऊन. कार्डावर लिहिलेलं, ‘विचारा: तुझ्या इमारतीत त्रिकोण किती आहेत?’ विचारलं. तीन म्हणाली. ‘विचारा: सगळ्यात उंच ठोकळा कुठला?’ दाखवला. ‘विचारा: निळे जास्त की लाल?’ यावर तिने हातातला ठोकळा खाली ठेवला आणि एकदम शांतपणे म्हणाली, ‘बाबा, तुझे प्रश्न संपले की सांग, मग मी खेळते.’

मला जरा लागलंच ते. पण खरं होतं. तिच्या दृष्टीने खेळ थांबला होता आणि बाबांचं काहीतरी चालू होतं. घोडा बिचारा तसाच बाहेर उभा.

त्यात गंमत म्हणजे निळे जास्त की लाल हे तिला येत होतंच. मला पण माहीत होतं की तिला येतं. मग मी विचारत का होतो? कारण कार्डावर होतं. आपण मोठी माणसं एकमेकांना असं कधी विचारतो का, की उत्तर आपल्याला माहितीये, समोरच्याला माहितीये, तरी विचारायचं? त्याला परीक्षा म्हणतात, गप्पा नाही. आणि पोरांना हा फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो.

यानंतर मी या विषयावर जरा वाचायला लागलो (रात्री, धाकटा अंगावर झोपलेला असताना एका हाताने मोबाईल धरून, तेवढाच वेळ मिळतो). २०११ मध्ये आलेला एक प्रयोग मला फार आवडला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक विचित्र खेळणं दिलं, त्यात चार गमती लपवलेल्या, एक नळी ओढली की चिरकायची, एक दिवा, एक गाण्याचं बटण आणि एक आरसा. काही मुलांना बाईंनी नीट दाखवलं, हे बघ, हे असं चालतं, आणि नळी ओढून चिरकवून दाखवली. काहींच्या समोर ती जणू चुकून चिरकली. तर ज्यांना नीट शिकवलं ती मुलं तीच नळी ओढत बसली, कमी वेळ खेळली, आणि बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. मुलं मंद होती म्हणून नव्हे, उलट हुशार होती म्हणून. मोठ्या माणसाने दाखवलं म्हणजे दाखवण्यासारखं एवढंच असणार, असा सरळ हिशोब त्यांनी केला. मला एकदम माझा निळा-लाल आठवला. मी तिला दवाखान्यात दाखवत काय होतो, तर यात बघण्यासारखं म्हणजे रंग. तिच्या डोक्यात त्या वेळी घोडा आत कसा जाईल हे चाललेलं, दार किती रुंद हवं, वरचा ठोकळा कशावर टेकवला तर पडणार नाही. म्हणजे माझ्या कार्डापेक्षा दहापट अवघड गणित.

पण लगेच ‘पोरांना मोकळं सोडा, निसर्ग शिकवतो’ अशा कमेंटा टाकू नका, कारण गोष्ट तितकी सोपी पण नाहीये आणि हे मला शिकवलं त्या तराजूने, जो या पेटीतला खराब पीस होता.

तिसऱ्या महिन्यात तराजू आला. लाकडी दांडी, दोन प्लास्टिकची पारडी. त्या महिन्याचं कार्ड मी सुदैवाने हरवलं. थोरलीने घरातलं सगळं जोखायला काढलं, चप्पल, कंगवा, गोटी, फुगवलेला फुगा. फुगा एवढा मोठा आणि गोटीने त्याला वर उचललं यावर ती पाच मिनिटं नुसती बघत होती, परत परत करत होती. मी गप्प. (सोपं नाहीये हो गप्प बसणं, जीभ नुसती वळवळत होती.) मग दोन दिवसांनी एक भानगड झाली. ती दोन अगदी सारखे ठोकळे दोन्हीकडे ठेवत होती आणि डावं पारडं दर वेळी थोडं खाली जात होतं. तिचा पहिला निष्कर्ष: डावा ठोकळा जड आहे. मग तिने ठोकळ्यांची अदलाबदल केली. आता दुसरा ठोकळा जड! म्हणजे जो डावीकडे जातो तो जड होतो. आली पळत, ‘बाबा, ही बाजू चीटिंग करते.’

इथे मी काय करायचं? सरळ सांगितलं असतं की अगं तराजू वाकडा आहे, कंपनीने बरोबर बनवला नाही, तर दोन सेकंदात विषय संपला असता. काहीच बोललो नसतो तर कदाचित तिने वैतागून तो कपाटाखाली ढकलला असता. मी एवढंच म्हणालो, ‘त्यात काही न ठेवता बघितलंस का?’ बस. तिने रिकामा करून बघितला. रिकामा पण झुकलेला! मग जे काही चाललं ना, उजवीकडे मातीची छोटी गोळी चिकटवली, जास्त झाली, तोडली, परत चिकटवली, पाऊण तास. शेवटी दांडी सरळ झाली. आता रोज खेळायच्या आधी ती तराजू रिकामा ठेवून बघते की सरळ आहे का. साडेपाच वर्षांची पोरगी मोजायच्या आधी शून्य जुळवते, आणि मला कॉलेजात प्रॅक्टिकलला सर ओरडायचे तेव्हा कुठे आठवायचं.

म्हणजे मी शिकवण्याची संधी शोधली का? शोधली, पण ती मी बनवली नव्हती. अडचण तिची होती, चिडचिड तिची होती, मी एकच वाक्य टाकलं आणि ते पण तिने विचारल्यावर. यालाच वाटाड्या खेळ का काहीतरी म्हणत असावेत, मराठी शब्द मीच बनवला. २०१३ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास आहे भौमितिक आकारांचा. एका गटाला सरळ शिकवलं, एका गटाला आकार देऊन मोकळं सोडलं, आणि एका गटात मोठं माणूस मुलासोबत खेळात सामील होऊन, प्रश्नांनी चाचपडायला लावत, त्याचं त्याला नियम शोधू देत होतं. आकार म्हणजे नेमकं काय हे तिसऱ्या गटाला सगळ्यात चांगलं कळलं. नुसतं मोकळं सोडलेला गट मागे राहिला. तेव्हा मोठ्या माणसाचा उपयोग आहेच, फक्त तो कार्डावर आधीपासून छापून ठेवता येत नाही, कारण छापणाऱ्याला माहीत नसतं की आमच्या घरी तराजू वाकडा निघणार आहे.

कंपनीला तराजूबद्दल लिहिलं होतं, त्यांनी दुसरा पाठवला, न भांडता. तो एकदम सरळ आहे. थोरली त्याला हात लावत नाही, म्हणे यात काय करायचं.

कार्डांमधलं एक मात्र सोन्यासारखं निघालं, आकड्यांच्या पटाचं. पटावर ओळीने आकडे, चकती फिरवायची, १ किंवा २ येतात, तेवढी घरं पुढे जायचं. कार्डावर लिहिलेलं की सोंगटी सरकवताना ‘एक, दोन’ म्हणू नका, ज्या घरावर पाय पडतोय त्याचा आकडा म्हणा, म्हणजे पाचावर असाल आणि दोन पडले तर ‘सहा, सात’. मला वाटलं काय फरक पडतो. पण फरक पडतो. अशा सरळ ओळीच्या पटावर २००८ मध्ये आलेला एक अभ्यास आहे, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, दोन आठवड्यांत, एवढ्यावर गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांची आकड्यांची समज वाढलेली दिसली, आणि आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर जी मुलं खेळली त्यांना तसा फायदा झाला नाही. पुढे २०१४ मध्ये त्यातल्याच एका संशोधकाने दाखवलं की घरावरचा आकडा म्हणत पुढे गेलं तर शिकणं होतं, दर वेळी एकपासून मोजलं तर तितकं होत नाही. म्हणजे खेळ तोच, मजा तीच, फक्त तोंडातला शब्द बदलायचा. खेळ थांबत नाही, पोराला कळत पण नाही. अशी कार्डं असतील तर मी शंभर विकत घेईन. पण सहा महिन्यांच्या गठ्ठ्यात अशी मला चारच सापडली, बाकी सगळी ‘विचारा, विचारा, विचारा’.

धाकट्याच्या बाबतीत तर कार्डं पूर्णच फसली. एका कार्डात लिहिलंय की दोन भावंडांना एकत्र ‘सहकार्याचा खेळ’ खेळवा. अडीच वर्षांच्या पोराला! तो तिच्या शेजारी बसतो, पाठ तिच्याकडे, आपले कप एकात एक घालतो आणि काढतो. आमच्या आईला (म्हणजे पोरांच्या आजीला) आधी काळजी वाटली, ‘अरे हा कोणात मिसळत का नाही?’ पण हे वयच तसं असतं, १९३२ मध्ये मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईंनी मुलांना खेळताना बघून बघून याचे प्रकार लिहून ठेवलेत, एकट्याने खेळणं, नुसतं बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, आणि मग हळूहळू एकत्र. आमचं ध्यान सध्या तिसऱ्या पायरीवर आहे आणि मजेत आहे. त्या दिवशी त्याने एका कपावर झाकण वीस वेळा लावलं-काढलं, दर वेळी आत बघून, चेंडू अजून आहे का म्हणून. मी त्याला रंग विचारायला गेलो तर त्याने माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि कपात घालून झाकण लावलं. विषय बंद.

ॲपबद्दल काय बोलू. रोज संध्याकाळी नोटिफिकेशन, ‘आज तुम्ही ० शिकण्याचे क्षण नोंदवले.’ शून्य! अख्खा रविवार पोरांसोबत जमिनीवर लोळून काढला आणि हे मला शून्य देतंय. सलग सात दिवस नोंद केली की तुम्हाला बॅज मिळतो आणि मुलाला एक डिजिटल स्टार. लाज वाटते सांगायला पण दुसऱ्या महिन्यात मी खेळ थांबवून फोटो काढायला लागलो होतो, ‘थांब थांब, हात तसाच ठेव.’ तिसऱ्या महिन्यात तर मी खोट्या नोंदी टाकत होतो, ‘आज वर्गीकरण शिकली’, ती बिचारी मोजे जोड्या लावायच्या ऐवजी हातात घालून मगर झाली होती.

आणि स्टार प्रकरण तर मला अजिबात पटलं नाही. १९७३ चा एक जुना, गाजलेला प्रयोग आहे. ज्या मुलांना आपणहून चित्र काढायला आवडायचं अशांनाच निवडलं, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर बक्षीस म्हणून सर्टिफिकेट मिळेल. एक-दोन आठवड्यांनी बघितलं तर बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं मोकळ्या वेळात स्केचपेनांना बाकीच्या मुलांच्या साधारण निम्माच वेळ देत होती. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांचं तसं झालं नाही. आमच्याकडे चौथ्या महिन्यात थोरलीने मला विचारलं, ‘बाबा, हे केलं की स्टार मिळतो का?’ कशाबद्दल विचारत होती, तर सावल्यांचे प्राणी! टॉर्च आणि पुठ्ठ्याचा हत्ती, अंधारात, याच्यासाठी स्टार कशाला लागतो पोरी? त्याच रात्री ॲप काढून टाकलं.

एक दुसरी बाजू पण लिहायला हवी. माझ्या दादाकडे हीच पेटी आहे, तिकडची वहिनी एकदम खूश आहे. मी तिच्यासमोर कार्डांना नावं ठेवायला लागलो तर म्हणाली, ‘भाऊजी, तुम्हाला पोरांशी बोलायला सुचतं म्हणून तुम्ही म्हणताय. तुमच्या दादाला सुचतच नाही. ते पोरासोबत बसायचे म्हणजे एका हातात मोबाईल. कार्ड हातात आलं तेव्हा निदान मोबाईल खाली गेला.’ आता यावर काय बोलणार. दादा लहानपणापासून अबोलच. त्याला ‘याला विचारा, वरचा ठोकळा पडेल का?’ एवढी सुरुवात कोणीतरी करून द्यायला लागते, पुढे तो आणि पोरगा बघून घेतात. मध्ये तिकडे गेलो तेव्हा दोघं पालथे पडून बोगद्यातून गाडी जाईल का नाही यावर वाद घालत होते आणि कार्ड बाजूला उलटं पडलेलं. म्हणजे कार्डं पोरांसाठी नाहीतच, न बोलणाऱ्या बापांसाठी आहेत, आणि कंपनीने तसं स्पष्ट लिहिलं तर निम्म्या तक्रारी मिटतील. सोबत एक ओळ टाका की पोरगं खेळात बुडालेलं असेल तर कार्ड काढू नका.

मार्क देतो. सामान ५ पैकी साडेचार (अर्धा तराजूचा कापला, खरं तर वाढवायला हवा होता). कार्डं ५ पैकी २, त्यातला दीड त्या आकड्यांच्या पटाचा. ॲप शून्य, त्यांच्याच भाषेत. सर्व्हिस चांगली, बदली माल वेळेवर, पण सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण पाच स्क्रीन आत लपवलंय आणि शेवटी विचारतात, ‘तुम्हाला खात्री आहे का की तुम्हाला मुलाचं शिकणं थांबवायचंय?’ हे वाक्य लिहिणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.

घ्यायची का? ज्यांना ठोकळे, कप, तराजू वेगवेगळे शोधत बसायला वेळ नाही त्यांनी दोन-तीन महिन्यांची घ्या, सहाची एकदम घेऊ नका, चौथ्या पेटीपासून त्याच त्या गोष्टी वेगळ्या रंगात येतात. घरात न बोलणारा दादा असेल तर कार्डांसकट घ्या. आणि कार्डं नको असतील तर फेकू नका, पाठीमागची बाजू कोरी आणि जाड असते, आमच्याकडे त्यांची सध्या दवाखान्याची केसपेपर झालीयेत. काल मला पण एक मिळाला, त्यावर रेघोट्या आहेत आणि खाली गोळा काढलाय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या दिवसातून तीन वेळा गप्प बसायचं.